चर्चगेट ते विरार, उभ्या रेषेत: पृथ्वीच्या अंतर्गाभ्याचा हिशोब

पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर. शाळेत हा आकडा पाठ होतो आणि वहीतच राहतो. तो मुंबईच्या मापात आणू या. चर्चगेट म्हणजे जमिनीचा पृष्ठभाग आणि विरार म्हणजे पृथ्वीचा मध्यबिंदू असं धरा. हे अंतर ६० किलोमीटर, म्हणजे रुळावरचा एक किलोमीटर पृथ्वीच्या पोटातल्या साधारण १०६ किलोमीटरच्या बरोबर. या मापात भूकवच चर्चगेटपुढे साडेतीनशे-चारशे मीटरांतच संपतं, मरीन लाइन्सही येत नाही. त्यानंतर प्रावरण, म्हणजे घन खडकाचा जाड थर, थेट गोरेगावपर्यंत. गोरेगाव ते नायगाव वितळलेल्या लोखंडाचा बाह्य गाभा. आणि नायगाव ते विरार हा घन अंतर्गाभा.

माणसाने आजवर पाडलेलं सर्वांत खोल भोक रशियात कोला इथे आहे, १२,२६२ मीटरांचं. आपल्या मापात ते ११५ मीटर भरतं. बारा डब्यांची लोकल याच्या दुपटीहून लांब असते, म्हणजे माणूस अजून चर्चगेटचा प्लॅटफॉर्मही सोडू शकलेला नाही. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी खणलेलं ३ किलोमीटरचं भोक तर जेमतेम सव्वा डबा.

या उपमेत एक फसगत आहे. नायगाव-विरार हा मार्गाचा जवळपास पाचवा हिस्सा, म्हणून अंतर्गाभा पृथ्वीचा पाचवा हिस्सा आहे असं वाटेल. पण गोळ्याचं आकारमान त्रिज्येच्या घनाप्रमाणे बदलतं. १२२० किलोमीटर त्रिज्येचा हा गोळा पृथ्वीच्या आकारमानाचा फक्त ०.७ टक्के आहे आणि वस्तुमानाचा १.७ टक्क्यांच्या आसपास. चंद्राच्या त्रिज्येशी ताडून पाहिलं तर साधारण ७० टक्के. मुंबई-दिल्ली हवाई अंतर ११५० किलोमीटर धरलं, तर अंतर्गाभ्याच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर त्याहून थोडंसंच जास्त.

मग तिथे कोणी गेलेलं नसताना हे आकडे आले कुठून? उत्तर कोणाही मुंबईकराला पटकन कळेल: गाडी किती वाजता आली यावरून. बोरिवलीहून सुटलेल्या गाड्या वेळेवर येतायत आणि विरारच्या तेवढ्या उशिरा, तर घोटाळा बोरिवलीच्या पलीकडे आहे, हे दादरला उभा असलेला माणूस कुठेही न जाता सांगतो. भूकंपशास्त्राचा पाया एवढाच आहे. भूकंपाच्या लहरी कोणत्या अंतरावर किती मिनिटांत पोचायला हव्यात याची खरोखरीची वेळापत्रकं असतात. हॅरॉल्ड जेफ्रीज आणि कीथ बुलन यांची १९४० सालची कोष्टकं अनेक दशकं जगभर वापरली गेली. वेळापत्रकापेक्षा लहर लवकर आली की उशिरा, यावरून ती वाटेत कशातून गेली ते ठरतं.

पोटातून जाणाऱ्या लहरी दोन प्रकारच्या. पी लहर पदार्थाला पुढे-मागे दाबत-सैल करत जाते आणि ती घन, द्रव दोन्हींतून जाते. एस लहर पदार्थाला आडवी हलवते. द्रवाला आडवं हलवलं तर तो परत उसळून येत नाही, त्यामुळे एस लहर द्रवातून जाऊच शकत नाही. या लहरी नोंदींमध्ये वेगवेगळ्या ओळखण्याचं काम भारतातल्या एका भूकंपावरून झालं. १२ जून १८९७ च्या आसामच्या मोठ्या भूकंपाचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड ओल्डहॅम यांनी केला, आणि १९०६ मध्ये त्यांनीच पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचा पुरावा मांडला. १९२६ मध्ये जेफ्रीज यांनी तो गाभा द्रव असल्याचं दाखवलं. तेव्हा चित्र सोपं होतं: बाहेर खडक, आत द्रव लोखंड, संपलं.

ते बिघडवलं एका सावलीने. प्रावरणाच्या तळाशी पी लहरीचा वेग सेकंदाला सुमारे १३.७ किलोमीटर असतो. द्रव गाभ्यात शिरताच तो ८ वर येतो आणि लहर आतल्या बाजूला वाकते, पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो तशी. परिणाम असा की भूकंपापासून सुमारे १०४ अंशांपर्यंत थेट पी लहर मिळते आणि १४० अंशांच्या पुढे गाभ्यातून वाकून आलेली. मधला पट्टा छायेत. (अंश म्हणजे पृथ्वीच्या मध्याशी होणारा कोन, एक अंश पृष्ठभागावर साधारण १११ किलोमीटर.) मुंबईसाठी पाहायचं तर दक्षिण अटलांटिकमधली साउथ सँडविच बेटं १११ अंशांच्या आसपास, म्हणजे छायेत. मध्य चिली १४५ अंशांच्या आसपास, छायेच्या जेमतेम पलीकडे. तिथल्या भूकंपाची गाभ्यातून येणारी लहर वीस मिनिटांच्या आत मुंबईत पोचते.

छायेत काहीच यायला नको होतं. पण १९२९ मधल्या न्यूझीलंडच्या मर्चिसन भूकंपाच्या नोंदींत तिथे बारीक, पण स्वच्छ लहरी उमटल्या होत्या. गाभ्याच्या कडेवरून वळसा घालून थोडी ऊर्जा येत असावी, असं म्हणून बरेच जण गप्प बसले. डेन्मार्कच्या इंगे लेमान बसल्या नाहीत. नोंदींची कार्डं त्या ओटमीलच्या पुठ्ठ्याच्या डब्यांत लावून ठेवत आणि हाताने गणित करत. १९३६ मध्ये त्यांनी सुचवलं की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गोळा आहे, त्यात लहरीचा वेग अचानक वाढतो, आणि त्याच्यामुळे वाट बदललेल्या लहरी छायेत येतात. त्यांनी त्रिज्या १४०० किलोमीटरच्या आसपास धरली होती. आजच्या १२२० च्या तुलनेत जरा जास्त, पण तेव्हाची घड्याळं आणि भूकंपमापन केंद्रांची विरळ जाळी पाहता हे कौतुकाचंच. शोधनिबंधाचं शीर्षक होतं फक्त एक अक्षर आणि एक खूण: पी'. एवढं आखूड शीर्षक विज्ञानात क्वचितच सापडेल.

गोळा घन आहे हे मात्र लेमान यांनी सिद्ध केलं नव्हतं. तसा तर्क १९४० च्या दशकात झाला आणि भक्कम पुरावा १९७१ मध्ये मिळाला, तोही वेगळ्याच वाटेने. तांब्यावर टिचकी मारली की आवाजावरून तो रिकामा की भरलेला ते कळतं. फार मोठ्या भूकंपानंतर अख्खी पृथ्वी कित्येक दिवस अशीच घुमत राहते, अर्थात कानाला ऐकू येणार नाही इतक्या खालच्या स्वरात. ॲडम झिवोन्स्की आणि फ्रीमन गिल्बर्ट यांनी हे स्वर मोजले आणि आतला गोळा घन धरल्याशिवाय ते जुळत नाहीत, हे दाखवलं.

तिथे तापमान ५००० ते ६००० अंश सेल्सियसच्या घरात आहे, सूर्याच्या पृष्ठभागाइतकं. जमिनीवर लोखंड १५३८ अंशांना वितळतं. मग तिथे ते घन कसं? दाबामुळे. स्वयंपाकघरातल्या कुकरमध्ये दाब जरासा वाढला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, कारण वाफेला जास्त जागा लागते आणि दाब तिला ती मिळू देत नाही. वितळलेल्या लोखंडालाही घन लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. अंतर्गाभ्याच्या सीमेवर, ५१५० किलोमीटर खोल, वातावरणाच्या ३३ लाख पट दाब आहे आणि मध्याशी ३६ लाख पट. एवढ्या दाबाखाली लोखंडाचा वितळबिंदूच तिथल्या तापमानाच्या वर जातो.

हे प्रयोगशाळेत तपासता येतं. दोन हिऱ्यांची टोकं समोरासमोर आणतात, टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. मध्ये लोखंडाचा कण ठेवून हिरे एकमेकांवर दाबतात आणि हिऱ्यातूनच लेसर सोडून कण तापवतात. हिरा इथे दोन कामं करतो: दाब सोसतो आणि पारदर्शक असल्याने खिडकीही होतो. २०१० मध्ये जपानमधल्या शास्त्रज्ञांनी या रीतीने ३७७ गिगापास्कल दाब आणि ५७०० केल्विन तापमान गाठलं, म्हणजे मध्यबिंदूच्याही पुढचा दाब. बिघडतं काय? हिरा फुटतो. कणाच्या एका टोकाला एक तापमान, दुसऱ्या टोकाला दुसरं. तापलेलं लोखंड हिऱ्यातला कार्बन शोषून घेतं आणि शुद्ध राहत नाही. म्हणूनच सीमेवरच्या तापमानाचे आकडे अजूनही काहीशे अंशांनी मागे-पुढे होतात.

बीकेसीच्या हिरे बाजारात खडा निर्दोष आहे का ते पाहतात तसंच इथेही पाहावं लागतं. फरक इतकाच की इथला हिरा मोडायच्याच वाटेवर असतो.

आता अंतर्गाभ्याचं सर्वांत महत्त्वाचं काम: तो वाढतो. पृथ्वी हळूहळू थंड होतेय, त्यामुळे द्रव लोखंड गोठतंय. कुल्फी साच्याच्या कडेकडून आत गोठत जाते, इथे उलटं, मध्यापासून बाहेर. कारण खोल जाताना तापमान वाढतं खरं, पण वितळबिंदू त्याहून वेगाने वाढतो. त्यामुळे द्रवाचं तापमान वितळबिंदूच्या खाली सर्वांत आधी मध्याशीच जातं. वाढीचा वेग सोप्या भागाकाराने काढता येतो: १२२० किलोमीटर त्रिज्या जर १०० कोटी वर्षांत झाली असेल, तर वर्षाला सरासरी सव्वा मिलिमीटर. आजचा अंदाज १ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. हे नगण्य वाटतं, पण गोळ्याचं क्षेत्रफळ प्रचंड आहे. वर्षाला १ मिलिमीटर धरला तरी दर सेकंदाला साडेसात हजार टनांच्या आसपास लोखंड गोठतं.

मिठाचं पाणी गोठवलं तर बर्फ बराचसा अळणी होतो आणि मीठ उरलेल्या पाण्यात राहतं. गाभ्यात लोखंडाबरोबर सुमारे ५ टक्के निकेल आणि शिवाय सिलिकॉन, ऑक्सिजन, गंधक, कार्बन, हायड्रोजन यांपैकी काही हलकी मूलद्रव्यं आहेत. नेमकी कोणती आणि किती, यावर भांडण चालूच आहे. पण त्याच दाबाच्या शुद्ध लोखंडापेक्षा बाह्य गाभा हलका भरतो आणि अंतर्गाभाही थोडा हलका, हे नक्की. गोठताना हलक्या मूलद्रव्यांचा बराचसा भाग द्रवातच राहतो. तो हलका द्रव वर उठतो, गोठण्यातून सुटणारी उष्णता त्याला जोड देते, आणि बाह्य गाभ्यातलं विजेचं वाहक लोखंड घुसळलं जातं. पृथ्वीच्या परिवलनामुळे या प्रवाहांना पीळ पडतो आणि त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होत राहतं.

या क्षेत्राची मोजणी मुंबईला परकी नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून चुंबकीय नोंदी होत होत्या. सप्टेंबर १८५९ च्या महाकाय सौर वादळाची नोंद तिथे झाली. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर, तारांतला प्रवाह उपकरणं बिघडवणार हे ओळखून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. आज ते नवी मुंबईतल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. अलिबागच्या नोंदींत रोजची बारीक चढउतार सूर्यामुळे, आणि वर्षानुवर्षांचा सावकाश कल बहुतांशी २९०० किलोमीटर खालच्या प्रवाहांमुळे.

चुंबकीय क्षेत्र ३४० कोटी वर्षांपूर्वीही होतं, असं खडक सांगतात. अंतर्गाभा मात्र बहुधा ५० ते १५० कोटी वर्षांचाच. म्हणजे आधी केवळ थंड होण्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर काम भागत होतं. कॅनडात क्यूबेकमधल्या साधारण ५६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत क्षेत्र फारच क्षीण झाल्याची खूण आहे. तेव्हा ते विझायच्या बेतात असताना अंतर्गाभा जन्मला आणि नवं इंधन मिळालं, असा २०१९ मधला एक अर्थ आहे. तो आकर्षक आहे, एवढंच म्हणू. एका ठिकाणच्या खडकांवर सगळा इतिहास टांगायला नको. शिवाय पहिला कण गोठला कसा, हाही पेच आहे. ज्यावर धरायचं असा कोणताही घन कण नसताना शुद्ध द्रवातून स्फटिक सुरू व्हायला लोखंड वितळबिंदूच्या सुमारे १००० अंश खाली जायला हवं, असं गणित सांगतं. गाभा तेवढा कधीच थंड झालेला नाही.

अंतर्गाभा एकजिनसी नाही. साजूक तूप सावकाश थंड झालं की रवाळ होतं. हा गोळाही रवाळ आहे, आणि त्याचे रवे वाटेल तसे पडलेले नाहीत. १९८३ मध्ये लक्षात आलं की उत्तर-दक्षिण दिशेने जाणाऱ्या लहरी विषुववृत्ताला समांतर जाणाऱ्यांपेक्षा काही सेकंद आधी पोचतात. वेगातला फरक सुमारे ३ टक्के. लाकडात कुऱ्हाड धाग्याच्या दिशेने सहज जाते तसंच काहीसं: लोखंडाच्या स्फटिकातही एका दिशेने लहर जास्त वेगाने धावते, आणि बरेच स्फटिक परिवलनाच्या अक्षाशी जुळून बसलेले असावेत. ते जुळले का, यावर एकमत नाही.

त्यात पूर्व-पश्चिम फरकही आहे. पूर्वेकडचा अर्धा भाग, ढोबळमानाने ४० ते १८० अंश पूर्व रेखांशांखालचा, वरच्या थरात जास्त वेगवान आहे, पण दिशेप्रमाणे होणारा फरक तिथे कमी. पश्चिमेकडे नेमकं उलट. मुंबई ७३ अंश पूर्वेला, त्यामुळे आपल्या बरोबर खाली आहे तो पूर्वेचा भाग. २०२१ मधल्या एका अभ्यासाने मांडलं की इंडोनेशियाच्या बांदा समुद्राखाली गोळा लवकर वाढतोय आणि ब्राझीलखाली सावकाश; तरी तो एका बाजूला फुगत नाही, कारण जास्तीचं वजन गुरुत्वाकर्षणाने हळूहळू पसरतं. आणि अगदी मध्यात आणखी एक वेगळा गोळा असल्याची चर्चा २००२ पासून आहे. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या व्यासावरून पाच वेळा आरपार गेलेल्या लहरी वेगळ्या काढून त्याची त्रिज्या ६५० किलोमीटरच्या आसपास ठरवली. मध्यातून एका आरपार फेरीला लहरीला वीस मिनिटं लागतात. चर्चगेट-विरार फास्ट लोकल याच्या तिप्पट-चौपट वेळ घेते.

आता ज्या बातमीने मोबाइल भरले होते तिच्याकडे येऊ: 'पृथ्वीचं केंद्र थांबलं, उलटं फिरू लागलं!' असं काहीही झालेलं नाही. दादरच्या पुढे फास्ट आणि स्लो गाड्या शेजारून धावत असतात. फास्टच्या खिडकीतून स्लो मागे जाताना दिसते, तरी दोन्ही बोरिवलीकडेच चालल्या आहेत. अंतर्गाभा पृथ्वीबरोबर दिवसाला एक फेरी घेतोच. प्रश्न फक्त त्याच्या नि प्रावरणाच्या फेरीत वर्षाला अंशाचा काही भाग पुढे-मागे होतो का, एवढाच. वर्षाला ०.१ अंश म्हणजे अंतर्गाभ्याच्या विषुववृत्तावर दिवसाला सहा मीटरांहून थोडं कमी.

हे मोजतात असं. एकाच भेगेच्या एकाच तुकड्यावर काही वर्षांनी पुन्हा तसाच भूकंप होतो, अशा जोड्या शोधतात. दोन्हींच्या नोंदी एकमेकींवर ठेवल्या तर रेघ न् रेघ जुळायला हवी. मग त्याच नोंदीत दोन लहरी पाहतात: एक अंतर्गाभ्यातून गेलेली, दुसरी बाह्य गाभ्याच्या तळातून त्याला न शिवता गेलेली. प्रावरणात आणि भूकवचात दोघींची वाट जवळजवळ एकच असते. म्हणून दोघींच्या वेळांतला फरक बदलला, तर बदल अंतर्गाभ्यातच. पुन्हा तेच: बोरिवलीची गाडी वेळेवर, विरारची नाही. १९९६ मध्ये शियाओदोंग सोंग आणि पॉल रिचर्ड्स यांनी साउथ सँडविचचे भूकंप अलास्कात टिपून दाखवलं की तीन दशकांत हा फरक ०.३ सेकंदांनी सरकलाय. त्यावरून त्यांनी गोळा वर्षाला सुमारे एक अंश पुढे धावतो असं काढलं. तेव्हा टीका झाली की भूकंपाची जागा ठरवताना चूक झाली असली तरी असा फरक दिसू शकतो; भूकंपमापन केंद्राचं घड्याळ किंवा उपकरण बदललं तरीही. जुळ्या भूकंपांची पद्धत याच आक्षेपातून पक्की झाली, आणि २००५ मध्ये वेग ०.३ ते ०.५ अंशांवर आला. नंतरचे अंदाज आणखी खाली उतरले.

२०२३ च्या अभ्यासात २००९ च्या सुमारास सापेक्ष गती थांबल्यासारखी दिसली आणि सुमारे ७० वर्षांच्या झोक्याची कल्पना पुढे आली. दुसऱ्या गटाचा झोका ६ वर्षांचा. २०२४ मध्ये १९९१ ते २०२३ मधल्या १२१ पुनरावर्ती भूकंपांवरून दिसलं की २००८ पर्यंत पुढे सरकलेला गोळा त्यानंतर त्याच वाटेने मागे येतोय, पण दोन ते तीन पट सावकाश. काही जोड्यांत तर गोळा आधीच्या जागी परतल्यावर नोंद पुन्हा हुबेहूब जुळली, आणि हाच या दाव्याचा सर्वांत ठोस भाग. झोक्याचं कारण दोन हातांची ओढाताण: बाह्य गाभ्याचं चुंबकीय क्षेत्र गोळ्याला फिरवू पाहतं, प्रावरणातल्या असमान वजनाचं गुरुत्वाकर्षण त्याला जागेवर खेचतं. दिवसाच्या लांबीवर याचा परिणाम सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजण्याइतका, त्यामुळे घड्याळ लावून ठेवायची गरज नाही.

२०२५ मध्ये मात्र कॅनडातल्या यलोनाइफच्या केंद्रांवर असे बदल सापडले जे नुसत्या फिरण्याने जुळत नाहीत. गोळ्याचा वरचा थरच आकार बदलत असावा, वरच्या प्रवाहांच्या ओढीने किंवा स्थानिक दाबाने. हे अगदीच अनपेक्षित नव्हतं. अंतर्गाभ्यात एस लहरीचा वेग सेकंदाला फक्त साडेतीन किलोमीटर आहे, एवढ्या दाबाखालच्या घन लोखंडाकडून अपेक्षित असतो त्या मानाने फार कमी. दाबल्यावर तो पोलादापेक्षा शिशासारखा किंवा सोन्यासारखा वागतो. एक शक्यता अशी की लोखंडाची चौकट घन आहे, पण तिच्यात अडकलेली हायड्रोजन, कार्बनसारखी हलकी मूलद्रव्यं द्रवासारखी वाहतायत.

पुढची अडचण अगदी साधी आहे: भूकंप हवे तिथे होत नाहीत. ध्रुवांजवळ मोठे भूकंप कमी आणि केंद्रं त्याहून कमी, म्हणून उत्तर-दक्षिण वाटांसाठी पुन्हा पुन्हा साउथ सँडविच ते अलास्का याच मार्गावर यावं लागतं. मुंबईच्या बरोबर खालची, पृथ्वीच्या पलीकडची जागा पॅसिफिकमध्ये ईस्टर बेटाच्या उत्तरेला सुमारे ९०० किलोमीटरवर पडते. तिच्या पश्चिमेला सहा-सात अंशांवर समुद्रतळाची मोठी डोंगररांग आहे आणि तिथे भूकंप होतात. त्यांच्या लहरी मुंबईकडे येताना जवळपास मध्यातूनच जातात. पण ते बहुधा मध्यम ताकदीचे. इतक्या लांबून येता येता त्यांची पहिली लहर लोकलच्या, ट्रकच्या आणि पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राच्या थरथरीत बुडून जाते.